पेवातला कंदील

येलदरीचं धरण बघून परतताना माय म्हणाली, गढी बघायची. उन्हानं माझं डोकं उठलं होतं, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिचा बाप या गढीवर सालगडी होता आणि इथल्याच धान्याच्या पेवात मेला. तेव्हा माय रांगत होती. शिंदी पिऊन उतरला न् गुदमरला, असं गढीवरून आजीला सांगितलं गेलं. आजीनं ते खरं मानलं. दारूपायी लेकरू टाकून गेला म्हणून पित्रात तिनं नवऱ्याच्या नावानं कधी पान वाढलं नाही, मायलाही वाढू दिलं नाही. तो खरंच पिला होता का, हे एकदा कोणाला तरी विचारावं, एवढंच मायच्या मनात होतं.

दारातच तिनं चपला काढल्या. मी खेकसले, आता कोणाची जहागिरी राहिली नाही, घाल त्या. ऐकेल तर माय कसली.

आताचे मालक माणूस गोड. चहा पाजला, दिवाणखाना दाखवला, हंड्या-झुंबरं दाखवली. माय कशाकडंच बघेना. शेवटी अंगणातल्या पेवापाशी आलो. ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोंडावर लोखंडी जाळी. बंद पेवात हवा विषारी होते, मालक समजावू लागले, म्हणून आधी पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही.

मग त्यांना त्यांच्या आजोबांचा किस्सा आठवला. घरात लग्न, वऱ्हाड दारात आणि ज्वारी संपलेली. कंदील सोडला, विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. गडी हात जोडून नको म्हणत होता, तरी आजोबांनी कमरेला दोर बांधून त्याला उतरवलाच.

"लय कडक माणूस," मालक कौतुकानं म्हणाले. "गडी गेला बिचारा, पण वऱ्हाड काही उपाशी गेलं नाही."

माझ्या तोंडात शिवी आली. मायनं माझा हात घट्ट दाबला.

"मालक, त्यो पिलेला व्हता का?"

"छे हो मावशी, माळकरी होता म्हणे. या पेवात गेलेला तेवढा एकच."

माय जाळीपाशी खाली बसली. जरा वेळानं उठली आणि मालकांना काही न सांगता बाहेर आली. तिच्या चपला मीच उचलून आणल्या. जिंतूर आलं तशी गाडीत माय म्हणाली,

"जल्मभर उपाशी ठेवला की गं मी माझ्या बापाला."