आधारपेशी आणि एरंडेल

माझे पती शाळेत शिकवताना फळ्यासमोर कोसळले आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी गेले.

अग्नी चुलत दिरांनी दिला. घरी परतल्यावर अंगणात कुणीतरी विचारले, "लेकरू नाही, मंग हे बाई आता इथं राहून काय करीन?" मी आत होते. मला ऐकू आले. प्रश्न गैर नव्हता. आमच्याकडे तो विचारतात.

आम्ही वडनेरला राहायचो. ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. लग्नाला काही वर्षे झाल्यावर सासूबाईंनी माझ्यामागे उपासतापास लावले. गुरुवारी मी जेवत नसे. सोनाळ्याच्या एका बाईकडून आणलेली मुळी दुधात उगाळून घेत असे. डोहाळजेवणाला मला बोलावणे येत नसे. आपणही तपासून घ्यावे असे माझ्या पतींच्या मनात कधी आले, ते मला माहीत नाही. एका सुटीत ते स्वतःहून अकोल्याला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी अंडकोशातला छोटा तुकडा काढून तपासला. घरी आल्यावर ते मला शांतपणे, वर्गात सांगावे तसे सांगत होते. शुक्राणू एकटे वाढत नाहीत. त्यांना पोसणाऱ्या, धरून ठेवणाऱ्या आधारपेशी असतात. या पेशींना आपल्यातली जुनी, निकामी प्रथिने मोडून टाकावी लागतात. पेशींमधले जोड सोडवून पुन्हा बांधावे लागतात. ही मोडतोड थांबली, तर उंदरांमध्ये शुक्राणूंची वाढ अडते असे दिसले आहे. "माझ्यात आधारपेशी आहेत, शुक्राणू मात्र नाहीत. कारण नेमकं हेच असेल, असं डॉक्टरही खात्रीनं सांगत नाहीत," ते म्हणाले. औषध नव्हते.

मग त्यांनी ते आईला सांगितले. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, दोष माझ्यात आहे. तिच्यात नाही. माझ्या पेशींमधला कचरा साफ होत नसावा."

"साफ होत नाही?" त्यांचे हात थांबले. "हे तू आता सांगून राह्यला? काऊन रे, लहानपणापासून तुले एरंडेल घे म्हणलं तं तू पयून जायचा!"

"पोटाचं नाही गं आई. पेशींचं."

"पेशी काय अंगाच्या बाहेर असतात? मास्तर झाला पण एरंडेल पेत नाही."

त्या दिवसापासून माझी मुळी बंद झाली आणि त्यांचे एरंडेल सुरू झाले. सासूबाईंनी गल्लीतल्या बायकांना सांगून टाकले, की सून चांगली आहे, पोराचेच पोट साफ होत नाही. गोष्ट शाळेपर्यंत गेली. शिक्षकांच्या खोलीत "काय सर, आज घेतलं का?" असे विचारले जाऊ लागले. ते नाक दाबून घ्यायचे आणि उरलेला दिवस चिडचिड करायचे.

मी एकदा म्हटले, "अहो, आईंना नीट समजावून सांगा ना."

"राहू दे," ते म्हणाले. "हवं तेवढं समजलं आहे तिला."

त्यानंतर बरीच वर्षे गेली. मूल झाले नाही.

त्यांच्या तेरवीच्या दुपारी पाहुणे जेवून उठल्यावर चुलत दिरांनी तो प्रश्न सासूबाईंपुढे मांडला. "काकू, वहिनीले माहेरी धाडून द्या. लेकरू असतं तं गोष्ट अलग होती."



"लेकरू माह्या पोराच्यानं नाही झालं," त्या म्हणाल्या. "त्यानं सोता सांगतलं मले. मंग ते काऊन जाईन? घर तिचं हाय."

"मी कुठं नाही म्हणतो काकू, पण—"

"हाव, तं झालं मंग. तुह्यी गाडी निघून जाईन."

ते संध्याकाळच्या गाडीने गेले.

आता घरात आम्ही दोघी आहोत. स्वयंपाक मी करते. सासूबाई लवकर जेवून घेतात आणि माझे जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरातच बसून राहतात.