तारेपलीकडचे खडक

आईला समुद्राची धास्ती होती. ती सिन्नरकडची. विहीर आणि पाटाचं पाणी, यापलीकडे पाणी तिने लग्नापर्यंत पाहिलंच नव्हतं. वडिलांना चिंचणीच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि आम्ही एका वाडीत भाड्याने राहायला आलो. तिथे समुद्राची गाज दिवसभर कानावर पडायची. आई तिकडे पाठ करून बसायची. मास्तरीणबाई वाळूतसुद्धा बुडेल, अशी शेजारच्या बायका तिची थट्टा करत.

तिला त्या समुद्राजवळ नेलं ते दांडीहून सुकी मासळी विकायला येणाऱ्या एका कोळणीने. आम्ही मासळी खात नसू. तरी वडील शाळेत गेले की ती आमच्या ओट्यावर टोपली उतरवायची, चहा प्यायची आणि गावभरच्या बातम्या सांगायची. शेजारणींच्या लेखी आई बाहेरचीच होती, आणि वडील घरात कामापुरतं बोलत. या बाईशी मात्र आईची अशी गट्टी जमली, की ती आली नाही त्या दिवशी भाजीचं मीठ चुकलंच म्हणून समजा. आई तिला मावशी म्हणायची आणि मावशी आईला मास्तरीणबाय.

एकोणीसशे साठ उलटून थोडाच काळ झाला असेल. मी तेव्हा बिगरीतून नुकती वर गेले होते. अमावस्येनंतर ओहोटी फार लांब जाते, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात आणि बायका खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले काढायला निघतात. त्या सकाळी मावशी टोपलीऐवजी कोयती घेऊन दारात उभी राहिली आणि आईला चल म्हणाली. आई नको नको करत राहिली, आणि तसं करता करता माझा हात धरून निघालीसुद्धा. वडिलांना सांगायचं नाही हे मला वाटेत बजावलं गेलं.

दांडीच्या पुढे वाळू संपते. केवड्याच्या बनातून पायवाट वर चढते आणि एकदम काळ्या, धारदार खडकांत उतरते. आईने लुगडं वर खोचलं. खडकांमधल्या डबक्यांत बोट लावताच मिटणारी फुलं होती, तारामासे होते, शंखाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पळणारे खेकडे होते. चिखलात निवट्या नावाचे इवले मासे उड्या मारत होते. दूर पाण्यात गादे, म्हणजे डॉल्फिन, पाठ दाखवून पुन्हा बुडत होते. ते पाहून आई हसली, मान मागे टाकून, मोठ्याने. तिला असं हसता येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

त्या बायकांचा एक नेम होता. नवी बाई पहिल्यांदा खडकांवर आली की तिने तिथलं काही घरी न्यायचं नाही. आईने देवापुढे ठेवायला एक पांढरा शंख उचलला होता.

"पयल्या येळेला रित्या हातानं जायचं, बाय," मावशी म्हणाली. "मंग दर्या परत बोलावतो."

आईने लगेच शंख पाण्यात ठेवला. त्या नेमाचा मला अजून राग येतो. दर्या बोलावील हो, पण वाट कोण शिल्लक ठेवणार होतं?

पुढच्या अमावस्येला मला गोवर निघाला. मग पावसाळा आला, आणि पावसाळ्यात त्या खडकांवर कुणी जात नाही. तो सरेपर्यंत त्या बाजूला मोजणीची माणसं दिसू लागली होती. अणुवीज केंद्राचं मोठं सरकारी काम निघणार अशी बोलवा होती. मग सडक झाली, ट्रक आले, हिंदी बोलणारे मजूर आले आणि केवड्याच्या बनाच्या अलीकडून काटेरी तार गेली. मावशीच्या घरच्यांना होडी लावायला जागा उरली नाही, म्हणून ते सगळे दातिवऱ्याला तिच्या भावाकडे निघाले. निरोप घ्यायला ती आली तेव्हा आई नेमकी बाजारात गेली होती. मावशी ओट्यावर बराच वेळ थांबली.

"आयेला सांग, मी येऊन गेली," म्हणाली आणि उठली.

दातिवरे काही परमुलखात नव्हतं. पण कोळणीला भेटायला एसटीने जाऊ का, हे वडिलांना विचारायला आई धजली नाही. हट्ट करायची तिला सवयच नव्हती. तिच्याऐवजी मी करायला हवा होता असं वाटतं, पण मी लहान होते.

पुढे एका रविवारी वडील आपण होऊन आम्हाला ते मोठं काम पाहायला घेऊन गेले. तेव्हा सगळेच जात. तारेशी पोचल्यावर आईने पहारेकऱ्याला विचारलं, पलीकडच्या खडकांवर जाता येईल का? अनोळखी पुरुषाशी तिला आपणहून बोलताना मी प्रथमच पाहत होते.

"उधर क्या है, माताजी? खाली पत्थर है," तो हसून म्हणाला.

वडील चकित झाले. तुला बघायचेच असतील तर मी साहेबांना भेटून पास काढतो, असं ते चक्क म्हणाले. इतकं मऊ ते क्वचितच बोलत.

"नको," आई म्हणाली. "त्याचं खरं आहे. ती होती म्हणून मी गेले होते. आता नुसते दगडच ते."

 वडिलांनी विचारलं, "ती म्हणजे कोण?"

 उन्हं वाढताहेत एवढंच आई म्हणाली आणि घराकडे वळली.