दौरेकाकांची पसंती

‘मले माहीत नाही’ हे दौरेकाका ज्या ऐटीत म्हणत, त्या ऐटीत लोक आपली डिग्रीसुद्धा सांगत नाहीत. अकोल्याच्या, डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते विक्री बघत. सदान्‌कदा फिरतीवर, म्हणून दौरेकाका. गिऱ्हाइकाने काही अडचणीचं विचारलं की खुशाल म्हणत, “मले माहीत नाही बाप्पा, विचारून सांगतो,” आणि तिथूनच कारखान्यात फोन लावत. नव्या लोकांना वाटे, गेलं गिऱ्हाईक! कसलं जातंय? ते उलट काकांनाच चिकटून राही.

तो फोन बहुतेक मीच उचलत असे. टेंडरं, यंत्रांची माहितीपुस्तकं वाचून नेमकं उत्तर काढून देणं हे माझं काम. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून घर माझ्याच पगारावर होतं. अशात मालकांनी एआयचं मनावर घेतलं. दोन कंपन्या मागे लागल्या होत्या. एकीचं एआय नवी गिऱ्हाइकं शोधून त्यांना पत्रं लिहिणार, दुसरीचं कागदपत्रं वाचून उत्तरं देणार. घ्यायचं एकच, आणि पारख काकांनी करायची. दुसरं आलं की माझं टेबल उठलंच! मी मनातल्या मनात पहिल्याच्या नावाने नवस बोलून बसले.

काकांनी पहिल्याला आपल्या तिवशाकडची गिऱ्हाइकं विचारली. झटक्यात नावं आली. एका मिलला त्याने पत्रही लिहून दिलं: आपलं डाळीचं वाढतं उत्पादन पाहून आनंद झाला! काका हसता हसता खोकायला लागले. “अबे, त्या मिलचं मंगल कार्यालय झालं! तिथं आता डाळ नाही, लग्न लागते.”

दुसऱ्याला आमच्या कागदांचा गठ्ठा देऊन त्यांनी वॉरंटीचं विचारलं. पान सांगून उत्तर आलं. मग त्यांनी मुद्दामच कागदांत नसलेलं काहीतरी विचारलं. ‘या कागदांत ही माहिती नाही,’ असं सरळ उत्तर आलं. काकांनी टेबलावर थाप मारली. “हेच घ्या. याले नाही म्हनता येते!”

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, “मग हिचं काय?”

“हिचं काय म्हंजे? हिले सारी मशीन तोंडपाठ हाये. माह्यासंगं दौऱ्यावर येईन. मले आता झेपत नाही, मी कवाचा माह्या जागी मानूस पाहून राहिलो.” मग माझ्याकडे वळून, “तू आता रडून काहून राहिली? चहा सांग.”

हुश्श! जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. चहा सांगायला म्हणून गेले आणि जिन्यात बसून आधी मनसोक्त रडून घेतलं.

मग काकांनी मला गावोगाव नेलं. बसल्याबरोबर मी कामाचं काढलं की डोळे वटारत. “आधी तुरीचं विचार, मंग मशीनचं.” त्यांचा शेवटचा दौरा अंजनगाव सुर्जीचा होता. तिथले जुने मिलवाले सवयीने त्यांनाच मोटरची तक्रार सांगू लागले. काका खुर्ची मागे ओढून सुपारी कातरत बसले. शेवटी मिलवाले नाइलाजाने माझ्याकडे वळले. मी बोलले, आणि त्यांनी ऐकलं.

दौऱ्यावर काकांचा कधी डोळा लागलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी परतीच्या एसटीत, अंजनगाव सुटताच ते माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले, ते थेट अकोल्यापर्यंत.