देवमन खंडारेंच्या काचेतली तीन भोकं

देवमन खंडारे चौतीस वर्षं मोर्शीकडच्या धरणावर दरवाजे चालवायला होते. ऐकायला हुद्दा भारी आहे. प्रत्यक्षात काम म्हणजे तासातासाला पाण्याची पातळी बघायची, रजिस्टरात लिहायची आणि वरून आदेश आला की बटण दाबायचं. आदेश आला नाही तर दाबायचं नाही, मग नदी काहीही म्हणो. ही शिस्त अंगात मुरवून ते निवृत्त झाले आणि अमरावतीला घर बांधून राहिले. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, दादरला, सहा डिसेंबरच्या रांगेतून, आणि तोही लोकांच्या डोक्यांमधून.

समुद्राशी त्यांचा खरा संबंध आला तो दाढेमुळे. दातांच्या डॉक्टरकडे बाहेर बसायच्या खोलीत एक छोटी काचेची टाकी होती. आत खारं पाणी, एक दगड आणि दगडावर शर्टाच्या गुंडीएवढी नऊ फुलं. हिरवं पोट, भोवती नारिंगी झालर. देवमनरावांची सावली पडली तशी नऊच्या नऊ मिटली. ते बाजूला सरकले, तर सावकाश उघडली. पुन्हा पुढे झाले, पुन्हा मिटली.

"फूल नाही काका, प्राणी आहे तो," नावं लिहून घेणारी मुलगी म्हणाली. "पोवळ्याच्या नात्यातला. बटन म्हणतात त्याला."

देवमनरावांचं नाव पुकारून झालं, त्यांच्या मागचा पेशंट आत जाऊन दात काढून बाहेरही आला, तरी हे तिथेच. ना डोळे, ना डोकं, आणि समोर कुणी उभं राहिलं की कळतं! खात्यात डोळे आणि डोकं दोन्ही असलेले साहेब त्यांनी पाहिले होते; माणूस समोर उभा आहे हे त्यांच्या ध्यानात यायला तीन-तीन अर्ज लागत. वर्षभरानं डॉक्टरांनी दवाखाना हलवला, टाकी अडचणीची झाली, आणि दाढ काढायला गेलेला माणूस अखेर दगड घेऊन घरी आला.

इंदूबाईंचं माहेर दर्यापूरकडचं, भर खारपाणपट्ट्यातलं. त्यांना हे कौतुक पचणं कठीणच होतं.

"आमच्या मायेरी खाऱ्या पान्यानं डाळ शिजत नव्हती," त्या म्हणाल्या. "गोडं पानी पायजे म्हनून तुमाले हो म्हटलं होतं मी. अन् तुमी आता मीठ विकत आनून नळाचं पानी खारं करून राहिले!"

नळाचं नव्हे, फिल्टरचं. पण ही दुरुस्ती देवमनरावांनी मनातच ठेवली.

तीन वर्षांत नऊची एकशे चाळीस झाली. मग गेल्या मे महिन्यात लहान टाकीचं पाणी तेहतीस अंशांवर गेलं, आणि आठ दिवसांत निम्म्याहून जास्त बटनं साबणासारखी विरघळली. देवमनराव बर्फाच्या पिशव्या सोडत बसले होते. चौसष्ट उरली. पुढचा मे याच टाकीत आला तर तीही राहणार नाहीत, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता.

उपाय एकच: मोठी टाकी. फार पाणी लवकर तापत नाही, हे धरणावरच्या माणसाला नव्यानं शिकावं लागत नाही. सहा फूट लांब टाकी, तिच्याखाली दुसरी छोटी. वरचं पाणी खाली उतरायचं, तिथं कूलरच्याच न्यायानं पंख्यावर गार व्हायचं आणि पंपानं परत वर जायचं. वरचं पाणी खाली न्यायला जी पेटी लागते तिला ओव्हरफ्लो बॉक्स म्हणतात. थोडक्यात, टाकीचा सांडवा. सगळी मेख इथेच होती, कारण सांडवे दोन प्रकारचे होते. एक काठावर टांगायचा: पाणी उलट्या यू आकाराच्या नळीतून, ओढीनं, काठ ओलांडून जातं, आणि काचेला हात लावावा लागत नाही. दुसऱ्यासाठी काचेला भोक पाडावं लागतं.

टाकी बनवणार होते अकोल्याचे वाहेदभाई. चाळीस वर्षं काच कापणारा माणूस. दहाही बोटं शाबूत, हीच त्यांची जाहिरात. त्यांच्या दुकानात देवमनरावांनी निकाल ऐकवला.

"टांगाचा बॉक्स. भिंतीले भोक नाही पाडाचं, वाहेदभाई. पान्याच्या भिंतीले भोक पडू नये म्हनून चौतीस वर्षं बसलो मी तिथं."

"भाऊ, तुमच्या धरनाले दरवाजे होते ना?"

"होते."

"मंग दरवाजा क्या है? बडा भोक!"

दाखला बिनतोड होता, त्यामुळे देवमनरावांचा निश्चय आणखी पक्का झाला. वाहेदभाईंनी वाद घातला नाही. फक्त मागची काच त्यांनी साधी लावली. "टफन, म्हंजे कडक केलेल्या काचेले भोक पाडलं तं सारा चुरा होते. साधी लावून ठेवतो. तुमी मले फोन करसान."

मार्चमध्ये टाकी आली, बॉक्स टांगला, बटनं लहान टाकीतच ठेवून मोठीत चाचणीचं साधं पाणी भरलं. देवमनरावांनी मुद्दाम दोनदा लाईट बंद करून पाहिली. दोन्ही वेळा पाणी शहाण्यासारखं वागलं. तिसऱ्या दिवशी अवकाळीचं वारं सुटलं आणि पाव तासात लाईट अकरा वेळा गेली-आली. दर खेपेला यू नळीत थोडी थोडी हवा शिरत गेली. अखेर ओढ तुटली. पाणी खाली जायचं थांबलं. पंप मात्र इमानदारीनं वर चढवत राहिला.

देवमनराव समोरच खुर्चीवर बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही ओढली आणि लिहिलं: चार दहा, काठाखाली दोन बोटं. मग लिहिलं: चार बारा, काठ. मग पेन हातात धरून ते थांबले. पाणी काठावरून गुळगुळीत ओघळलं, फरशीवर उतरलं, दिवाणाखाली गेलं, आणि ते थांबलेलेच.

इंदूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी पंपाची पिन खसकन उपटली.

"कोनाच्या फोनाची वाट पाहून राहिले जी?"

देवमनरावांनी वहीकडे पाहिलं. पातळी, वेळ, सगळं बरोबर होतं. घरभर पाणी होतं आणि नोंदीत एक चूक नव्हती. या पाण्यात ती चौसष्ट बटनं असती तर? संध्याकाळी त्यांनी अकोल्याला फोन लावला. "वाहेदभाई, भोक पाडा."

"कितने?" एवढंच पलीकडून आलं.

तीन, असं ठरलं. एका पाईपातून भरधाव पाणी जाणार, दुसऱ्यातून उरलंसुरलं, आणि तिसरा थोडा उंच, कोरडा. पहिले दोन्ही तुंबले तरच त्यानं काम करायचं. एरवी त्याचं काम म्हणजे नुसतं उभं राहणं. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पद समजावून सांगावं लागलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाहेदभाई सकाळच्या एस.टी.नं आले. रिकाम्या टाकीच्या मागच्या काचेवर त्यांनी ओल्या हाताचा पंजा फिरवला. मग म्हणाले, "पंखा बंद करा. बोलाचं नाही कोनी. मले आयकू आलं पायजे."

"काय?" इंदूबाईंनी विचारलं.

"काच. खतम होत आली का आवाज बारीक होते तिचा. तेव्हा हात हलका नाही केला तं गेली."

बेचाळीस अंशांच्या त्या बंद खोलीत देवमनराव आतून तळवा लावून उभे राहिले. कापलेली चकती पडू द्यायची नव्हती. इंदूबाई बाटलीनं पाण्याची धार सोडत होत्या. ड्रिलची हिऱ्याच्या कणांची कडी फिरू लागली आणि काचेतून दुधासारखं पांढरं पाणी ओघळू लागलं. आवाज तळव्यातून देवमनरावांच्या कोपरापर्यंत येत होता. आधी जाड, जात्यासारखा. मग मध्यम. मग एकदम सुईसारखा बारीक, आणि वाहेदभाईंचा हात जणू उरलाच नाही. रुपयाहून थोडी मोठी गार चकती देवमनरावांच्या तळव्यात येऊन बसली. भिंतीला भोक पडलं होतं आणि भिंत उभी होती! चौतीस वर्षांत अशा नोंदीसाठी रकाना नव्हता.

तिसऱ्या भोकाला आवाज बारीक व्हायच्या आधीच 'टक' झालं. ज्वारीच्या दाण्याएवढी कपची उडाली. वाहेदभाई मशीन बंद करून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. कपचीतून चीर पुढे गेली असती तर टाकी गेली आणि वैशाख दारात. चीर निघाली नाही. उरलेलं त्यांनी इतकं सावकाश कापलं की इंदूबाईंना बाटली दोनदा भरावी लागली.

"पाईपाच्या रबराखाली लपन," शेवटी ते म्हणाले. "पन भरल्याशिवाय मी इथून हालत नाही."

पेटी बसवून डिंक वाळू द्यायला दोन दिवस हवे होते. वाहेदभाई गावातल्या पुतणीकडे राहिले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पाणी चढत गेलं. कंगव्यासारखे दाते असलेल्या पेटीच्या काठाशी ते आलं, क्षणभर फुगून थांबलं आणि मग एका वेळी सगळ्या दात्यांमधून आत पडू लागलं. सहा फुटांचं पाणी, आणि वर नुसती एक पातळ साय सरकत होती. आवाज जवळजवळ नाही. तिसरा पाईप कोरडा. कपचीच्या जागी, रबराच्या कडेनं, बोट फिरवलं तर तेही कोरडं.

"धरनावर असं दिसे का, भाऊ?" वाहेदभाईंनी हळू विचारलं.

"तिथं दनका असते," देवमनराव म्हणाले. "तिथं मान्साले भेव वाटते. इथं..." दोघं साय बघत बसले. वाहेदभाईंची दुपारची एस.टी. गेली, मग चारचीही गेली.

मिठाचं पाणी मुरल्यावर, पंधरवड्यानं, दगड मोठ्या टाकीत गेला. बटनं मिटली ती मिटलीच. पहिला दिवस. दुसरा. शेवाळलेल्या दगडावर चौसष्ट तपकिरी गाठी, बाभळीच्या बियांसारख्या. देवमनराव जेवायला बसले तरी त्यांचं तोंड टाकीकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाईट गेली. पंप थांबला. पाणी दात्यांपर्यंत उतरलं आणि तिथेच राहिलं. वीस मिनिटांनी लाईट आली, पंप घुमला, साय पुन्हा सरकू लागली, फरशी कोरडीच. देवमनराव खुर्चीतून उठले नव्हते; उठायचं काही कारणच राहिलं नव्हतं. तेवढ्यात दगडाच्या उजव्या कडेला एक नारिंगी केस हलला. मग झालर, मग हिरवं पोट. शेजारचं उघडलं, त्याच्या शेजारचं, आणि बघता बघता दगड दिसेनासा झाला.

इंदूबाई कणकेच्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची सावली काचेवर पडली तरी या वेळी एकही मिटलं नाही. टाकी मोठी होती, सावली तिथवर पोचतच नव्हती.

त्यांनी हात पदराला पुसले. मग खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसल्या.

"इकडं सरका थोडे," त्या म्हणाल्या. "मले त्या कोपऱ्यातलं दिसून नाही राहिलं."