दोन वाटांचं विमान

भाचीचा वाढदिवस जवळ आला की मला ती दोन विमानं आठवतात. परदेशात बहिणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, म्हणून मी आईला घेऊन तातडीने निघालो. ओझरहून दिल्लीला जाणाऱ्या छोट्या विमानात मधे एकच अरुंद वाट होती, तीही खाण्याच्या गाडीने अडवलेली. आई खिडकीशी पदर पिळत बसून राहिली. दिल्लीहून पुढचं विमान मोठं होतं, उशी-पांघरूण, समोर टीव्ही, गरम जेवण, आणि खुर्च्यांमधून दोन वाटा. जेवणाला हातही न लावता आई उठली आणि एका वाटेने जाऊन दुसरीने परत येत फेऱ्या घालू लागली. हवाईसुंदरी म्हणाली, "माँजी, बैठ जाइए." आई म्हणाली, "माझी लेक तिकडे अडलीय गं, मी बसू कशी?" मी ओशाळून पुटपुटलो, "आई, लोक बघतायत." ती थांबली नाही. विमान उतरून थांबताच आई पुन्हा उभी राहिली, तेवढ्यात माझा फोन लागला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. ते ऐकून आई खुर्चीत बसली, आणि विमान रिकामं झालं तरी तिला उठता येईना. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चपला हातात घेऊन मी तिला उतरवलं. चार फेऱ्या मीही तिच्याबरोबर घालायला हव्या होत्या, असं आता वाटतं.