गर्दीने मास्तर कसा मिळवला

वर्णन पुढीलप्रमाणे. सदर इसमाचे वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, उंची मध्यम, बांधा किरकोळ, केस जेथे आहेत तेथे व्यवस्थित. पोशाख फिका सदरा व बारमाही स्वेटर, कारण ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील एसी. चेहऱ्यावर ओळख पटण्याजोगी खूण नाही. आवाजाबाबत चौकशी केली असता शेजाऱ्यांनी 'असेल' एवढेच सांगितले. व्यवसाय परदेशी चित्रमालिकांतील पात्रांना आपल्या भाषेत बोलते करणे. सदर इसमापासून सार्वजनिक शांततेस कोणताही धोका संभवत नाही.

त्याला सगळे गर्दी म्हणतात.

जपानी ॲनिमेत बाजार पेटतो, किल्ल्याचं दार फुटतं, आकाशातून काहीतरी चमकणारं खाली येतं, तेव्हा मागे जो गलका उठतो तो आपल्या भाषेत बहुतेक वेळा या एकट्या माणसाचा असतो. आधी म्हाताऱ्याच्या आवाजात "पळा, पळा", मग तरुणाच्या, मग नाकात, मग तोंडावर रुमाल धरून. रेकॉर्डिस्ट हे सगळं एकावर एक चढवतो आणि अख्खं शहर जीव मुठीत धरून पळू लागतं. स्टुडिओ चौथ्या मजल्यावर आणि इमारतीची लिफ्ट कायमची बंद.

"गर्दी आली का?" दिग्दर्शिका काचेमागून विचारते.

"आली, मॅडम. जिन्यात धापा टाकतेय," रेकॉर्डिस्ट सांगतो. हा विनोद रोज होतो आणि रोज हसतो तो फक्त गर्दी.

गर्दीखेरीज तो पहारेकरी करायचा, निरोप्या करायचा आणि तलवार लागली की "आँ" करून मरायचा. नाव असलेलं पात्र त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. याचं दुःख त्याला होतं, पण ते त्याने सभ्यपणे घडी घालून ठेवलं होतं. एके दिवशी मुलीची मैत्रीण घरी आली आणि टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "यातले तुझे बाबा कोण?"

मुलीने पडद्याकडे नीट पाहिलं. "मागचे," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. घडी उलगडली ती तिथे.

त्याच सुमारास स्टुडिओत एक नवी मालिका आली. एक राजपुत्र, त्याचा शूर सेनापती काका, आणि राजपुत्राला शिकवायला ठेवलेला एक मास्तर, जो अतिशय नम्रपणे अख्खं राज्य खिशात घालतो. हा मास्तर सदानकदा कोपर टेबलावर टेकवून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून तोंडासमोर धरून बसलेला. ओठ दिसतच नाहीत. यात चित्रकारांचा फायदा असा की हलणारं तोंड काढायला नको. डबिंगवाल्यांचा फायदा त्याहून मोठा. ओठांशी शब्द जुळवायची कटकट नाही, वाक्य हवं तेवढं लांबवा, वाटलं तर मधेच थांबा.

अशी पात्रं ज्याच्याकडे आपोआप जात तो गृहस्थ म्हणजे भारदस्त. विहिरीतून आल्यासारखा आवाज, तसंच पोट आणि तसंच हसू. स्टुडिओतले सगळे राक्षस, सगळे हुकूमशहा आणि एक ज्वालामुखी त्याच्या नावावर होता. त्याचं हसणं सुरू झालं की रेकॉर्डिस्ट चहा प्यायला जायचा आणि परत यायचा, तेव्हा शेवटचा 'हा' चाललेला असायचा. मास्तर भारदस्तच करणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. सूर्य कुठून उगवणार हे तरी कोण ठरवतं?

गर्दीला मात्र कामातून आलेली एक सवलत होती. बाकीचे कलाकार आपापले प्रसंग पाहून मोकळे होत. गर्दी कुठे कुठे लागणार हे पाहायला त्याला अख्खी मालिका पाहावी लागे. ती त्याने घरी, मुलीला शेजारी बसवून पाहिली.

"बाबा, हा मास्तर भारी का वाटतो सांगू?" मुलगी म्हणाली. "राजपुत्राला सगळं जन्मतःच मिळालंय. तलवार आजोबांची, शक्ती आईची, केस तर विचारूच नको. याला काहीच मिळालेलं नाही. हा बिचारा अभ्यास करतो."

"आणि हसत कसा नाही एकदाही?"

"हसेल कशाला? हसतो तो ज्याला दाखवायचं असतं की आपण जिंकतोय. ह्याला फक्त जिंकायचंय. आणि त्याचा बेत त्याच्या शत्रूंना माहीत नसतो, पण आपल्याला असतो ना. मग आपण नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. पकडला जाऊ नये असं वाटायला लागतं."

गर्दीने मान डोलावली. मग पाचव्या भागात पडद्यावर एक प्रचंड जमाव ढसाढसा रडताना दिसला आणि तो सावरून बसला. एवढी गर्दी म्हणजे आपल्याला दोन दिवसांचं काम. पण हे रडतायत कोणासाठी? पुढच्या दृश्यात कळलं. शूर सेनापती काका लढाईत कामी आले होते.

गर्दीने कोपर टेबलावर टेकवलं, दोन्ही हातांची बोटं गुंफली आणि ती तोंडासमोर धरली.

"अहो, असे काय बसलात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. ती चष्म्यांच्या दुकानात कामाला होती आणि माणसाची नजर बदललेली तिला लांबून कळायची. "काय कारस्थान चाललंय?"

"काही नाही. तुला दमायला झालं असेल. चहा मी करतो," तो शांतपणे म्हणाला.

बायको मुलीकडे वळली. "यांना काहीतरी हवंय."

आता त्याने काय केलं ते सांगतो. कटकारस्थान म्हटलं की लोकांना विष आणि भुयारं आठवतात. प्रत्यक्षात लागते ती मदत करण्याची तयारी. राजपुत्राचं काम करणारा तरुण एकटाच बोलत होता, समोरून उत्तर नसल्याने त्याचा सूर लागत नव्हता. गर्दी म्हणाला, "मॅडम, मास्तर ठरेपर्यंत त्यांची वाक्यं मी नुसती वाचून दाखवू का? तात्पुरती. मी तसाही बसून असतो."

दिग्दर्शिकेला हे ऐकून बरं वाटलं. गर्दी रोज माइकसमोर बसून मास्तरची वाक्यं वाचू लागला, आवाज न चढवता. एखाद्या आजारी माणसाला औषधाची वेळ सांगावी तसा. मास्तरचं पालुपद होतं, "काही घाई नाही, युवराज." पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा राजपुत्र करणारा तरुण स्वतःचं वाक्य विसरला. रेकॉर्डिस्टने चहाचा कप खाली ठेवला. कप तो दिवसभर उचलतच असतो, पण कुणाचं ऐकायला खाली ठेवल्याची ही पहिलीच वेळ.

राहिला भारदस्त. त्याला गर्दीने जिन्यात गाठलं, दुसऱ्या मजल्यावर, जिथे भारदस्त कठड्याला धरून दम खात असे.

"दादा, मास्तर तुम्ही करताय म्हणे. छानच आहे," गर्दी म्हणाला. "फक्त एकच वाटलं. तो हसत नाही हो कुठे."

"म्हणजे?"

"म्हणजे अख्ख्या मालिकेत एकदाही. बसून असतो. सेनापती बघा, पहिल्या भागापासून घोड्यावर. डोंगरावर उभं राहून काय भाषण आहे! तुमचा आवाज त्या दरीत घुमेल. पण तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही ठरवलं असेलच."

भारदस्तने काहीच ठरवलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मात्र ठरवलं. "मॅडम," तो दारातूनच गरजला, "मी सेनापती करणार. मास्तरात काही दम नाही."

मग मास्तरसाठी बाहेरून लोक आले. जो तो आल्या आल्या हसायचा. खालून वर हसणारे, वरून खाली हसणारे, हसून खोकणारे. चौथा उमेदवार हसायला लागल्यावर दिग्दर्शिकेने कपाळ धरलं. "अरे, पण तो हसतोय कशाला? त्याला काय झालंय?" मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, "आपले गर्दी वाचतात ते काय वाईट आहे?"

गर्दी खोलीत होता. त्याने मान वर केली नाही. तिला हे आजच सुचावं, असं त्याने आदल्या आठवड्यातच ठरवलं होतं.

पण बेत कागदावर सरळ चालतो आणि माणसं जिन्याने चढतात. सेनापतीची भाषणं झाली आणि भारदस्तच्या हाती पाचवा भाग आला. धापा न टाकता तो चार मजले चढून आला, यावरून रागाची कल्पना यावी. मालिकेचे मालक लोकही त्याच दिवशी काचेमागे येऊन बसले होते आणि मास्तरसाठी "कुणीतरी मोठ्या नावाचा माणूस" घ्या, असं दिग्दर्शिकेला सुनावत होते. गर्दी आत माइकसमोर होता. माइक चालू होता.

"मेलो मी!" भारदस्त आत शिरून गरजला. "पाचव्या भागात! अजून वीस भाग बाकी आहेत! तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं, "नाही हो दादा, मला कुठलं कळतंय." काचेमागे सगळे बघत होते. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा म्हातारा, तरुण, नाकात आणि रुमाल.

गर्दीने कोपर टेकवलं. बोटं गुंफली.

"माहीत होतं," तो म्हणाला. "रडणारी गर्दी मीच आहे ना. मला आधी कळतं." आणि मग, अगदी आपुलकीने, "दादा, बसा. इतके मजले चढून आलात. तुम्हाला फसवलं नाही मी. तुम्हाला जे आवडतं तेच दिलं, डोंगर, घोडा, भाषण. मला जे हवं होतं ते तुम्हाला नकोच होतं. काही घाई नाही. आधी पाणी प्या."

भारदस्त पाणी प्यायला. आपण पाणी का पितोय हे त्याला कळत नव्हतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काचेमागे मालक लोकांपैकी एकाने हळूच विचारलं, "हा कोण?"

उत्तर भारदस्तनेच दिलं. ग्लास ठेवून तो गर्दीसमोर उभा राहिला. "नालायका," तो म्हणाला, "आयुष्यभर मी राक्षस केले. घरचं मांजर घाबरलं नाही कधी. आणि तू मला पाणी पाजून घाम फोडलास." तो काचेकडे वळला आणि विहिरीतून बोलला, "याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मास्तर दिलात तर सेनापती चौथ्या भागातच मरेल."

मास्तर गर्दीला मिळाला. श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं, एकट्याचं, एका ओळीत. मुलीने तो क्षण थांबवून मैत्रिणीला दाखवला. "हे बाबा," ती म्हणाली. "पुढचे."

सेनापतीची अंत्ययात्राही त्यानेच केली, कारण गर्दी करायला दुसरं कोण होतं? ठरल्याहून एक दिवस जास्त घेतला. म्हातारे रडवले, तरुण रडवले, एक बाळ रडवलं, आणि पार मागे, कान देऊन ऐकलं तरच कळेल असा, एक माणूस नुसताच "दादा" म्हणाला. भारदस्तने ते ऐकलं, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "बरं रडलंय शहर."

मालिका घरोघरी पोचली. मुलं शाळेत बोटं गुंफून बसू लागली. स्टुडिओच्या इमारतीची देखभाल पाहणारा गृहस्थ सहकुटुंब पाहायचा आणि मास्तर बोलू लागला की उठून दाराची कडी तपासायचा. एका सकाळी तो तळमजल्यावर बंद लिफ्टपाशी कोणाशी तरी फोनवर बोलत उभा असताना मागून फिक्या सदऱ्यातला, वर स्वेटर घातलेला, ओळख पटण्याजोगी खूण नसलेला एक इसम आला.

"लिफ्ट अजून बंदच का?" त्या इसमाने नम्रपणे विचारलं. "असू दे. काही घाई नाही."

आणि तो जिना चढू लागला.

लिफ्ट दुसऱ्या दिवशी सुरू झाली.