जाळं ओलांडल्याचा गुन्हा

दादानं घाटावर वाळत पडलेली वहिनीची साडी उचलली आणि तलावाच्या पाळीवर, सगळ्यांसमोर, माझ्या डोक्यावर टाकली.

"घे, नेस! बायकाईची बाजू घेते, तं बाईच होऊन राह्य."

माणसं खो खो हसली. आमचीच, रोज सोबत मासे धरणारी. मी फक्त खरं बोललो होतो.

आमच्यात म्हणतात, बाईनं जाळं ओलांडलं की मासळी लागत नाही. म्हणून जाळं रिकामं आलं की घरी जाऊन विचारायचं, कोणी ओलांडलं? घरात बाई एकच. वहिनी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

महिन्याभरापूर्वी जाळं फाटलं होतं. सांधायचं काम माझं. मी मोबाइल बघत बसलो आणि दादाला सांगितलं, झालं. दुसऱ्या दिवशी सगळी मासळी त्या भोकातून गेली. दादा घरी आला तो तापूनच.

"जाळं काहून खाली आलं? तुनंच ओलांडलं ना?"

"नाई जी. मी तं जाळ्यापाशीबी गेली नाई."

त्यानं वल्ह्यानं मारलं. मी तिथंच जेवत होतो, तिनंच वाढलेलं. लहान पुतणी माझ्या पाठीमागं येऊन लपली. तिला वाटलं, काका आहे. काका गप्प जेवत राहिला. ती लाज अजून जात नाही.

काल जाळं पुन्हा रिकामं आलं. दादा घराकडे निघाला. मी पाळीवरच ओरडलो, "दादा, त्या दिवशी भोक माह्यानं राह्यलं होतं. वहिनीनं काई नाई केलं, ना तवा ना आज!"

त्यावर ती साडी.

साडी टाकून तो घरी गेलाच. मी मागं धावलो. त्यानं आतून कडी लावली. "दीर तुही बाजू काहून घेऊन राह्यला? काय हाय तुमचं?" हे मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. दार बडवत राहिलो. शेजारचे म्हणाले, नवरा-बायकोचं हाय, आपण कायले पडाव?

आज सकाळी वहिनी नळावर भेटली. ओठ सुजलेला. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, तुमी माह्यासाठी बोलू नोका. तुमी बोलले का मले जास्त पडते."

काय करावं माणसानं? गप्प बसलो तरी तीच मार खाते, बोललो तरी तीच. माझ्या अंगावर तर नुसती साडी पडली.

पण जाळं ओढायला दोन माणसं लागतात. दादाच्या डोंग्यात दुसरा माणूस मी. त्याला पाळीवर गाठून सांगितलं, "तुहा हात तिच्यावर उठते तोवर माहा हात तुह्या जाळ्याले लागणार नाई." तो हसला. शेजारच्या गण्याला हाक मारली, आणि दोघं डोंगा घेऊन निघून गेले. मी काठावर उभा. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनीसाठी आता बोलणार नाही. बोलायचं आहे ते आमच्या माणसांशी. गण्या आजची मासळी अड्याळच्या बाजारात विकून परतला की त्याच्या दारात जाणार. तो ऐकणार नाही. मग त्याच्यानंतर जो डोंग्यात बसेल त्याच्या दारात. प्रत्येकाला हेच सांगणार:

"त्याच्यासंग जाळं ओढशीन, तं तिले मारणाऱ्यायत तूबी एक. आतालोक मीबी होतो."